दोन बोटांची जागा

पट्टा आवळल्यावर
मनगट आणि चामडं यांच्यामध्ये
दोन बोटं सहज जायला हवीत.
हे मला हाल्श्काने शिकवलं,
पोलंडच्या पूर्वेला, साखर कारखान्याच्या धुराखालच्या
या मनोरुग्णालयात, माझ्या पहिल्या हिवाळ्यात.
एकच गेलं तर क्रूरपणा,
तीन गेली तर हलगर्जीपणा, म्हणाली
आणि सिगारेट ओढायला बाहेर गेली.

चोवीस वर्षं मी ती दोन बोटं घालते आहे.
आत नाडी लागते.
कुणाची धावत असते,
कुणाची इतकी संथ, की आपण बांधतोय ते कुणाला
असा प्रश्न पडतो.
प्रश्न पडतो, मग चहा होतो.
दर पंधरा मिनिटांनी नोंद:
नखांचा रंग, हाताची ऊब, पाणी दिलं, लघवी झाली.
रुग्ण शांत.

इग्नात्सी कारखान्याच्या वजनकाट्यावर होता.
तीस वर्षं बीटाच्या गाड्या तोलल्या,
माती किती आणि बीट किती
हे त्याला नुसत्या नजरेनं कळायचं.
ऑक्टोबरात हंगाम लागला,
उकळत्या बीटाचा वास खिडकीच्या फटीतून आत आला
की तो उठायचा:
गाड्या खोळंबल्यात, जाऊ द्या मला.

एका रात्री मी दारात आडवी उभी राहिले.
माझी हासळी मोडली.
त्याच्यावर राग नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.
पण पुढच्या खेपेला
त्याचा पट्टा आवळताना
माझी बोटं दोनच होती:
करंगळी
आणि तिच्या शेजारची.

रात्री बत्तीस जणांना आम्ही दोघी.
आणखी एक नर्स द्या म्हटलं, तर संचालक म्हणतात
माझे हात बांधलेले आहेत.
सहज म्हणतात. कुणी हसत नाही.

मार्चमध्ये प्रशिक्षण झालं.
एकेकीने दहा मिनिटं पलंगावर बांधून घ्यायचं, बस्स.
मला वाटलं, त्यात काय.
तिसऱ्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.
एवढंच. खाज.
छतावर ओलीचा एक डाग होता, बदकासारखा,
इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता.
उशाशी दोब्रोख्ना, नवीन पोरगी, तक्ता घेऊन उभी.
काही हवंय का, तिने विचारलं.
मी नाही म्हणाले.
तिने लिहिलं: रुग्ण शांत.

पुढे विद्यापीठाची प्रश्नावली आली.
बांधणं हा उपचार आहे असं वाटतं का?
सहमत. असहमत. सांगता येत नाही.
मी शेवटच्या चौकटीत फुली मारली.
सांगता येतं खरं तर.
पण चौकट नखाएवढी होती.

पुन्हा ऑक्टोबर. पुन्हा तो वास.
इग्नात्सी दाराशी आला,
मी कपाटाकडे गेले, किल्ली हातात होती,
आणि दोब्रोख्ना फरशीवर बसली, वही उघडून.
म्हणाली, सांगा, पहिली गाडी किती?
तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, नऊ टन. भिजलेली आहे, माती जास्त धरा.

पहाटे चारपर्यंत गाड्या येत राहिल्या.
उरलेले एकतीस मी एकटीने पाहिले.
सात नंबरच्या खोलीत एक म्हातारा संडासला जाताना पडला,
गुडघा फुटला, टाके घालताना
मी दोब्रोख्नाला मनात शिव्या दिल्या,
अगदी मोजून, एकेक.

सकाळी नोंदवहीत काय लिहावं सुचेना.
तिच्या वहीतलं पान फाडून चिकटवलं.
खाली त्याच्याच अक्षरात बेरीज होती:
चारशे बारा टन. माती वजा.

पट्टे अजून कपाटातच आहेत.
काल मी त्यांना तेल लावलं.
चामडं वाळलं की मनगट सोलतं.
तेल जिरेपर्यंत
एक पट्टा हातात धरून बसले होते,
बक्कल लावलेला, आत मनगट नसलेला.
कितीही बोटं जात होती.